दुबईतले घर : किल्ली, कागद आणि वारस

दुबईच्या खाडीला तिथले लोक 'खोर' म्हणतात. देराच्या धक्क्यावरून एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे लाकडी होडीत बसले की थोड्याच वेळात माणूस पलीकडे बर दुबईला पोहोचतो. होडीत मल्याळम, उर्दू, बंगाली, पश्तो सगळे ऐकू येते. नीट कान दिला तर आपल्या खेड-दापोलीकडची कोकणी बोलीही ऐकू येते. रत्नागिरी आणि रायगडच्या मुस्लिम वस्त्यांत आखातात माणूस नाही असे घर शोधावे लागते. आधीच्या पिढ्या जहाजावर खलाशी म्हणून बाहेर पडल्या. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि कोकणी माणूस आखातात ड्रायव्हर, फोरमन, स्टोअरकीपर, अकाउंटंट झाला. पैसा तिथे कमवायचा आणि घर गावाला बांधायचे, ही आपली जुनी रीत. गावात मे महिन्याशिवाय न उघडणारे बंगले त्या रीतीचे साक्षीदार आहेत.

आता रीत बदलते आहे. माझा धाकटा भाऊ अल कुसैसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा घरात एकच विषय होता. भाबी म्हणत होती, "आपा, इतकी वर्षं भाडं भरलं, त्यात एक घर झालं असतं. आता तुम्हीच समजवा यांना." भाऊ म्हणत होता, "घर घेणं सोपं आहे आपा, पुढचं काय ते कळत नाही." त्या 'पुढच्या'विषयी त्या पंधरा दिवसांत जे पाहिले, ऐकले आणि परतल्यावर जाणकारांकडून नीट समजून घेतले, ते इथे लिहिते आहे. असाच विचार अनेक घरांत चालू असणार.

दुबईत परदेशी माणसाला मालकी हक्काने घर घेता येऊ लागले ते २००२ पासून. त्याला पक्का कायदेशीर पाया मिळाला २००६ च्या मालमत्ता नोंदणी कायद्याने. ही मुभा सगळ्या शहरात नाही, सरकारने ठरवून दिलेल्या भागांतच आहे. त्या भागांना 'फ्रीहोल्ड' म्हणतात. आपल्या माणसांची जुनी वस्ती असलेला देरा बहुतेक या यादीबाहेरच आहे. त्यामुळे भावाच्या गाडीतून आम्ही घरे पाहायला गेलो ते इंटरनॅशनल सिटीत. तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावे आहेत : चीन, फ्रान्स, मोरोक्को, पर्शिया, रशिया. शेजारी चिनी मालाचा प्रचंड बाजार, ड्रॅगन मार्ट. खाली किराणा, कॅफेटेरिया, लॉण्ड्री. वर गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. मुंब्र्याहून आलेल्या माणसाला परके वाटू नये असा सगळा माहोल.

घराची नोंद होते ती दुबई लँड डिपार्टमेंटमध्ये, आणि मालकाला मिळणाऱ्या कागदाला अरबीत 'मिल्किय्या' म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे तिथल्या पाट्या आणि फॉर्म वाचताना गंमत वाटत होती. आपल्या मराठीतली मिळकत, मालक, वारस, वकील, हक्क, मुखत्यार ही सगळी माणसे तिथे आपल्या मूळ घरी भेटत होती. पण शब्द ओळखीचे असले म्हणून कायदाही ओळखीचा असतो असे नाही. पहिला फरक इथेच आहे. आपल्याकडे घर झाले की माणूस त्या गावचा होतो. दुबईत घर झाले तरी माणूस व्हिसावरच राहतो. नोकरीचा व्हिसा नोकरीबरोबर संपतो. साधा निवासी व्हिसा असताना सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले तर तो रद्द होऊ शकतो. वीस लाख दिरहम किंवा त्याहून अधिक किमतीचे घर असेल तर दहा वर्षांच्या 'गोल्डन व्हिसा'साठी अर्ज करता येतो. आम्ही पाहत होतो ती घरे त्या रकमेच्या जवळपासही नव्हती. थोडक्यात, किल्ली आपली असली तरी मुक्काम किती दिवसांचा हे व्हिसा ठरवतो.

खर्चाचा हिशेब भावाने एका वहीत मांडला होता. नोंदणीची फी घराच्या किमतीच्या ४ टक्के, आणि ती बहुतेक वेळा घेणाऱ्यालाच भरावी लागते. दलालाचे साधारण २ टक्के वेगळे. आपल्यासारखी घरपट्टी तिथे नाही. त्याऐवजी वार्षिक भाड्याच्या ५ टक्के 'हाउसिंग फी' वीज-पाण्याच्या बिलात दरमहा विभागून येते, आणि मालक स्वतः राहत असला तरी ती सुटत नाही. त्यावर इमारतीचा वार्षिक सर्व्हिस चार्ज, तोही फुटाच्या हिशेबाने. "भाडं वाचतं म्हणतात ते खरं," भाऊ म्हणाला, "पण सगळं वाचत नाही."

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत आधी येतो, आणि यायलाच हवा. दुबईत इस्लामी बँकिंग जुने आहे. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून आहे. घरासाठी इजारा किंवा मुराबहा पद्धतीने पैसे मिळतात. इजाऱ्यात बँक घर घेते, आपण भाड्यासारखी रक्कम भरत जातो आणि शेवटी मालकी आपल्याकडे येते. मात्र 'इस्लामी' या शब्दावर सही करून मोकळे होऊ नये. हप्ता कशाने वाढतो, नोकरी गेली तर काय, आणि माणूस मध्येच गेला तर उरलेली रक्कम तकाफुलमधून फिटते की वारसांवर येते, हे करारात वाचून घ्यावे. जकातीचेही इथेच सांगते. राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नाही, पण त्या भाड्यातून शिल्लक राहिलेल्या पैशावर निसाबच्या हिशेबाने आहे. घर मुळातच विकून नफा मिळवण्यासाठी घेतले असेल तर तो व्यापाराचा माल झाला, आणि त्याची जकात त्याच्या किमतीवर निघते.

भाऊ अनिवासी आहे, त्याचा पगार तिथलाच. त्यामुळे त्याला भारतातून पैसे न्यायचे नाहीत. पण अनेक घरांत इथला प्लॉट विकून तिथे फ्लॅट घेण्याचा बेत असतो. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि त्यात घर घेणेही बसते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो आपल्या नावे जमा राहतो, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण पैसे उभे करताना तो हिशेबात धरावाच लागतो. हे टाळण्यासाठी कोणी हवाल्याचा रस्ता सुचवला तर त्याला दारातूनच सलाम करावा. फेमा कायद्यात अशी तरतूद आहे की परदेशात नियमबाह्य घेतलेल्या मिळकतीच्या किमतीइतकी भारतातली मिळकत जप्त होऊ शकते. दुबईच्या एका खोलीपायी गावची आंब्याची बाग जाण्याची ही वाट आहे.

दुसरा धोका परतल्यावरचा आहे, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. अनिवासी असताना दुबईच्या पगारावर किंवा भाड्यावर भारतात कर नाही. परत आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षे बहुतेकांना करखात्याच्या भाषेत 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो आणि तेव्हाही तिथल्या भाड्यावर इथे कर लागत नाही. त्यानंतर माणूस पूर्ण निवासी होतो आणि जगात कुठेही झालेली कमाई इथे दाखवावी लागते. दुबईत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून ते भाडे इथेही करमुक्त, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. घर ठेवण्याला मात्र हरकत नाही. परदेशात राहत असताना घेतलेले घर परतल्यावर ठेवता येते, भाड्याने देता येते, ते विकलेच पाहिजे असे नाही. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा जो वेगळा तक्ता असतो, त्यात ते लिहायचे एवढेच. ते लिहिले नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, मग घर घामाच्या पैशाचे का असेना. २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंतच्या परदेशी बँक खात्यांसारख्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. घर-जमिनीला ती सूट नाही.

इथवरचे सगळे पैशाचे झाले. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते भावाच्या शेजारच्या इमारतीतल्या एका घराने. तिथे आमच्याच तालुक्यातली एक बाई इद्दतीत होती. नवरा चाळिशीतच हृदयविकाराने गेला. दोन मुली, दोघी शाळेत. भाबीबरोबर मी तिला भेटायला गेले. इंटरनॅशनल सिटीतला त्यांचा एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला होता, मरहूमच्या एकट्याच्या नावावर. त्याचे बँक खाते गोठवलेले. तिचा आणि मुलींचा व्हिसा त्याच्या व्हिसावर होता. विधवेला तिथे स्वतःच्या नावाने एका वर्षाची मुदत मिळू शकते, तेवढाच आधार. ती शांतपणे म्हणाली, "आपा, घर माझं आहे असं मी सगळ्यांना सांगत होते. ते माझं किती आहे ते आता मोजतायत."

मोजणी अशी. अमिरातीत मुस्लिम माणसाच्या मिळकतीची वाटणी शरीअतच्या कायद्याने होते, आणि त्या हिश्शांचा आधार सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत आहे. मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुली, गावी आई आणि एक भाऊ. वडील आधीच गेलेले. मिळकतीचे २४ भाग केले तर पत्नीला ३, दोन मुलींना मिळून १६, आईला ४, आणि उरलेला १ भाग भावाला. मुलगा असता तर भावाचा हिस्सा उरला नसता. हा एक चोवीसांश भाग पैशाने फारसा मोठा नाही. पण त्याचा अर्थ असा, की दुबईतल्या त्या घराचे काहीही करायचे तर दापोलीजवळच्या गावात दुकान चालवणाऱ्या, पासपोर्टही नसलेल्या त्या भावाची सही हवी. सत्तरी ओलांडलेल्या, अंगठा उठवणाऱ्या आईचे मुखत्यारपत्र हवे. आणि मुली अल्पवयीन, म्हणून त्यांच्या हिश्शावर कोर्टाची देखरेख. आई आहे म्हणून तिला मुलींचे घर आपल्या मनाने विकता येत नाही.

भावाने, म्हणजे तिच्या दिराने, फोनवर एका वाक्यात विषय संपवला होता : "पोरींचं घर आहे, मला त्यात काय?" अल्लाह त्याला बरकत देवो. पण त्याचा मोठेपणा कागदावर यायलाही तीच वाट होती. निकाहनामा, जन्मदाखले, मृत्यूचा दाखला, वारस कोण हे सांगणारे कोर्टाचे प्रमाणपत्र. भारतातला प्रत्येक कागद आधी राज्य सरकारच्या, मग परराष्ट्र मंत्रालयाच्या, मग अमिरातीच्या दूतावासाच्या शिक्क्याने प्रमाणित करायचा, आणि त्यावर अधिकृत अनुवादकाकडून अरबी भाषांतर. तिचा निकाहनामा उर्दूत, त्यात तिचे नाव एक. आधार कार्डावर दुसरे. पासपोर्टवर लग्नानंतरचे तिसरे. शिक्षिका म्हणून हा प्रश्न मला रोज भेटतो. एकच नाव शाळेच्या रजिस्टरात खदीजा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खतीजा आणि रेशनकार्डावर कतिजा. गावात तिन्ही नावांची एकच मुलगी असते हे सगळ्यांना ठाऊक असते. परक्या देशाच्या कोर्टात त्या तीन वेगळ्या बाया असतात.

एक गोष्ट मात्र तिथे पाहून आपल्याविषयी विचार करावासा वाटला. त्या कोर्टाच्या कागदावर मुलींचे १६ भाग कोणी विसरले नव्हते. आपल्या गावात बहिणींना ईदला बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि त्याला प्रेम म्हटले जाते. दिराने आपला भाग सोडला तो स्वतःहून, कोणी मागितला नसताना. बहिणीकडून सही मागून घेणे हे त्याच्या उलट आहे. शरीअत फक्त भाषणात आठवायची आणि सातबाऱ्यावर विसरायची, हे कधीतरी थांबायला हवे.

मग जिवंतपणी काय करता येते? हे मी तिथल्या एका कायदेविषयक सल्लागार भगिनीला विचारले. तिच्या सांगण्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, घर घेतानाच पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावे. मग पत्नीचा अर्धा भाग तिचाच राहतो, वाटणी फक्त पतीच्या अर्ध्याची होते. दुसरी, हयातीत हिबा करता येतो. पती-पत्नी किंवा आई-वडील आणि मुले यांच्यातल्या अशा भेटीला नोंदणीची फी ४ टक्के नव्हे, ०.१२५ टक्के आहे. मात्र हिबा खरा हवा, ताबा खरोखर दिलेला हवा. इतर वारसांना डावलण्यासाठी केलेला खेळ नव्हे. तिसरी, वसीयत. ती एक तृतीयांशापर्यंतच चालते, आणि वारसाच्या नावे केली तर इतर वारसांची संमती लागते. शेजारचे गैरमुस्लिम कुटुंब सगळे घर पत्नीच्या नावे मृत्युपत्राने लिहून ठेवू शकते; ते पाहून आपणही तसेच करू असे कोणी समजू नये.

राहिला दवाखाना. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकराचा विमा मालकाने काढायचा, बायको-मुलांचा विमा त्यांना व्हिसा देणाऱ्याने. म्हणजे विमा चिकटलेला आहे तो नोकरीला आणि व्हिसाला, घराला नव्हे. त्या बाईचा नवरा गेला आणि कंपनीचा विमाही गेला. धाकटीच्या दम्याचा पंप तेव्हापासून रोखीने घ्यावा लागत होता. नोकरी असते तोवर हा फरक जाणवत नाही. साठीनंतर मात्र स्वतःच्या पैशाने विमा काढायचा म्हटले की हप्ता चढतो, आणि साखर, रक्तदाब असे आधीचे आजार अर्जावर लिहावेच लागतात. ते लपवले तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा आधार मिळतो. पण तो इथल्या, योजनेतल्या रुग्णालयांतच. म्हणून दुबईत घर घेताना म्हातारपण कुठे काढायचे हा प्रश्न आधी सोडवावा. भावाला मी एवढेच विचारले, "अम्मीला इथे आणणार आहेस, की तू तिकडे येणार आहेस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिला तिची विहीर आणि मस्जिदीची अजान पाहिजे. म्हणजे मलाच यावं लागणार."

त्यानंतर त्यांचा निर्णय झाला. घर घ्यायचे, पण छोटे, दोघांच्या नावे, आणि भाड्याने देण्यासाठी. परत येण्याचे वर्ष आतापासून धरायचे आणि भारतातला कौटुंबिक आरोग्य विमा आत्ताच, तब्येत चांगली असताना चालू करायचा. भाबीने एक फाइल केली आहे. तिच्यात मिल्किय्या, बँकेचा करार, प्रमाणित निकाहनामा, मुलांचे दाखले, पैसे कुठून आले त्याच्या पावत्या, आणि वारसांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहिलेला एक कागद. त्या फाइलची एक प्रत गावी माझ्या कपाटात आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार घेण्याविषयी आहे. ती सूरह बकरहमध्ये आहे, २८२ वी. आपण ती बरकतीसाठी वाचतो. घर-दाराच्या व्यवहारात मात्र 'घरच्याघरी काय लिहायचं' म्हणून सोडून देतो. परदेशात घर असो वा नसो, या सुटीत एक संध्याकाळ काढा. सगळ्यांची नावे सगळ्या कागदांवर सारखी आहेत का ते पाहा. कोणाचा किती हिस्सा आहे ते बायको-मुलांना समोर बसवून, हिशेब करून सांगा. नावात फरक असेल तर दाखला घेऊन शाळेत या. ते दुरुस्त कसे करायचे हे सांगायला आम्ही शिक्षक बसलेलेच आहोत.